ऐकणे आणि ऐकून घेणे

गेल्या चतुर्थीच्या सुमारास आमचे एक जुने अशील आमच्या पणजीच्या कचेरीत आले आणि कागदपत्रांच्या पिशवीतून एक लहानशी पेटी काढून त्यांनी ती आमच्या टेबलावर ठेवली. गृहस्थ बार्देशातले, जन्मभर आगबोटीवर नोकरी केलेले. आपल्याकडे ज्यांना तारवटी म्हणतात त्यांपैकी एक. दावा कधीच निकालात निघाला होता, फी चुकती झाली होती; तेव्हा ही पेटी कोणत्याही हिशेबात धरावयाची नव्हती. “म्हाका आतां आयकूंक येना, वकीलबाब,” ते म्हणाले, “तुमचे कान अजून बरे आसात.” पेटी म्हणजे लघुलहरींचा, एका हातात मावणारा रेडिओ होता. वीस-बावीस वर्षे समुद्रावर त्याने त्यांची सोबत केली होती. कान शाबूत असल्याचे प्रमाणपत्र आम्हांला असे अनायासे मिळाले. ते कितपत खरे आहे, ही शंका आम्हांला पुढे काही आठवड्यांनी आली, आणि तिच्यामुळेच हा लेख लिहावा लागत आहे.

पहिल्या रात्री आम्हांला काहीच ऐकू आले नाही असे म्हटले तर ते असत्य होईल. आम्हांला फारच ऐकू आले. तार बाहेर ओढून, कळ फिरवून पाहतो तो सगळ्या पट्टीवर एकच घरघर, मधूनच किरकिर, आणि एके ठिकाणी तर गिरणीच्या पट्ट्यासारखा अखंड आवाज. रेडिओ बिघडला आहे अशी आमची खात्री झाली. परंतु घरातल्या मुलाने विजेचा दिवा मालवताच घरघरीचा एक थर नाहीसा झाला. मग उमगले की, बिघाड पेटीत नसून घरात आहे. नव्या तऱ्हेचे दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, शेजाऱ्यांचा दूरदर्शन संच, ही सारी मंडळी आपापल्या परीने सतत बोलत असतात. आपल्या कानांना ते कळत नाही इतकेच. आम्ही एकेक बटण बंद करीत गेलो. फ्रिज बंद करण्यावरून घरात जी सुनावणी झाली तिचा निकाल मात्र आमच्याविरुद्ध गेला. शेवटी रेडिओ घेऊन आम्ही गच्चीवर गेलो, पाच-सहा मीटर तांब्याची तार पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत ताणली, तिचे टोक चिमट्याने रेडिओच्या दांडीला जोडले, आणि रात्री साडेनवाच्या सुमारास ३१ मीटरच्या पट्टीवर कोणी एक बाई अत्यंत शुद्ध हिंदीत बोलताना ऐकू आली. ती पेकिंगहून बोलत होती. तिच्यानंतर अरबीतले पठण, त्यानंतर कोणत्या भाषेत तेही न कळणारे एक गाणे. आणि बरोबर १०,००० किलोहर्ट्झवर नुसती टिक्‌टिक्. ही टिक्‌टिक् म्हणजे चीनमधील एका केंद्राचा काळसंकेत होय, दर सेकंदाला एक ठोका. मांडवीच्या काठी, चाळिशी उलटलेला एक वकील मध्यरात्रीपर्यंत परक्या देशाचे घड्याळ ऐकत बसला होता, हे दृश्य कोणी पाहिले नाही हे बरेच झाले.

नवशिक्याला जे शिकावे लागते ते आम्ही हळूहळू शिकलो. दिवसा वरच्या, म्हणजे १९ किंवा १६ मीटरच्या पट्ट्या चालतात. सूर्य मावळल्यावर ३१, ४१ आणि ४९ मीटरच्या पट्ट्या जाग्या होतात. वेळापत्रके जागतिक वेळेत लिहिलेली असतात, त्यांत साडेपाच तास मिळवावयाचे. पहिल्या आठवड्यात ते मिळवण्याऐवजी वजा केल्यामुळे आम्ही बुखारेस्टची दोनदा व्यर्थ वाट पाहिली. आवाज येतो, फुगतो, ओसरतो, अगदी जातो, आणि आपण निराश होऊन कळ फिरवणार तोच परत येतो. अशा वेळी कळ फिरवू नये, थांबावे. ह्या विद्येतला हा पहिला आणि बहुधा शेवटचा नियम आहे.

तथापि आमच्या मनाला ज्याने धरून ठेवले ते निराळेच होते. १९०१ साली मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडे संदेश पोचवला तेव्हा शास्त्रज्ञांपुढे कोडे पडले. कारण लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल आहे. पुढच्याच वर्षी केनेली व हेविसाइड ह्या दोघांनी स्वतंत्रपणे असे अनुमान केले की, आकाशात फार उंचावर विद्युद्भारित हवेचा थर असावा, व लहरी त्यावर आपटून परत येत असाव्यात. १९२४ साली ॲपलटनने ते प्रयोगाने सिद्ध केले; त्याबद्दल त्याला १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनी ह्याच वरच्या वातावरणाच्या अभ्यासात आयुष्य घातले. आता गंमत अशी की, प्रक्षेपकाजवळून जमिनीसरशी निघालेली लहर काही कोसांतच थकते. आणि आकाशाकडे गेलेली लहर परत जमिनीला टेकते ती कित्येक शेकडो मैल दूर जाऊन. ह्या दोहोंच्या मधल्या टापूत काहीच पोचत नाही. केंद्र जवळ, पण तेथे शुकशुकाट. आणि हजार मैलांवरचा मनुष्य मात्र शब्द नि शब्द ऐकतो. पणजीहून एके काळी २५० किलोवॅटच्या प्रक्षेपकांवरून परदेशांसाठी कार्यक्रम जात असत. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या माणसाला त्यावर पणजी स्वच्छ ऐकू यावी, आणि इकडे थोड्या अंतरावरच्या त्याच्या मुलखाला त्या लहरीवर काही मिळू नये, हे शास्त्राला धरूनच होते.

ह्या मुक्या टापूची कल्पना वाचून आम्ही एक दिवस कोर्टात, दुसऱ्या वकिलाचे भाषण चालू असता, विनाकारण अस्वस्थ झालो. त्याचे कारण पुढे येईल.

मराठीत ‘ऐकणे’ ह्या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. आवाज कानी पडणे हा एक. आणि ‘मुलगा बापाचे ऐकतो’ असे म्हणतो तेव्हा त्याप्रमाणे वागणे हा दुसरा. कोंकणीतही आयकप ह्या शब्दाची हीच तऱ्हा. भाषेने हे दोन अर्थ एका शब्दात ठेवले ते काही शब्दांची टंचाई पडली म्हणून नव्हे. जो ऐकेल तो तसे वागेल, निदान वागावे की नाही याचा निर्णय तरी त्याला करावा लागेल, असे ही भाषा बोलणाऱ्यांना वाटत असले पाहिजे. मात्र त्याच भाषेने ‘ऐकून घेणे’ असाही एक प्रयोग काढून ठेवला आहे, आणि तो फार सोयीचा आहे. ऐकून घेतले म्हणजे समोरच्याचे समाधान होते आणि आपल्याला काही करावे लागत नाही. आम्हां वकिलांचा अर्धा व्यवसाय ह्या दुसऱ्या प्रयोगावर चालतो.

आता एका घराची हकीगत सांगतो. घर आमचेच आहे, डिचोली महालातले. चतुर्थीनंतरच्या एका रविवारी आम्ही रेडिओ घेऊन तेथे गेलो, कारण गावात विजेचा गोंगाट कमी आणि पोफळीच्या बागेत तार ताणायला जागा मुबलक. घरात आता आमची आत्या एकटी असते; वय ऐंशीच्या पुढे. तिने पेटी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली, आणि आम्ही कधीही न विचारलेली, म्हणून तिने कधीही न सांगितलेली एक गोष्ट सांगितली.

पार्श्वभूमी वाचकांना ठाऊक आहे. तरी तरुण वाचकांसाठी दोन शब्द. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही गोव्याच्या सीमेत शिरले, त्यांच्यावर गोळीबार झाला, कित्येक मारले गेले. त्यानंतर भारताने सीमा बंद केल्या. आत वृत्तपत्रांवर आधीच नियंत्रण. पणजीला १९४६ पासून ‘एमिसोरा दे गोआ’ हे सरकारी नभोवाणी केंद्र चालू होते, आणि सरकारला जे लोकांनी ऐकावेसे वाटे ते त्यावरून ऐकू येई. अशा स्थितीत २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सीमेवरील रानातून एक नवा आवाज उठला. कोंकणीत त्याचे नाव ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’, पोर्तुगीजमध्ये ‘व्हॉज द लिबेर्दाद’. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ह्या दोघांनी, आधी आंबोलीच्या बाजूच्या व पुढे कॅसलरॉकच्या रानात राहून, १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत, म्हणजे सहा वर्षे, हे केंद्र चालवले. पुढे ती दोघे विवाहबद्ध झाली. मुक्तीची वार्ताही त्यांनी विमानातून ध्वनिक्षेपकावरून गोव्याच्या आकाशात घोषित केली. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली, वयाची शंभरी पार झाल्यावर, पद्मश्री जाहीर झाली. हे सारे बोलणाऱ्यांचे चरित्र झाले. ते लिहिले गेले, आणखी लिहिले जाईल. आम्हांला प्रश्न पडतो तो ऐकणाऱ्यांचा. रानात दोन माणसे बोलत होती. खाली दारे लावून कित्येक घरे ऐकत होती. त्या घरांनी काय केले?

आमचे आजोबा त्या काळी सरकारी कारकून होते. पगार पोर्तुगीज सरकारचा, पोर्तुगीज भाषा उत्तम. घरात दिव्यांचा, म्हणजे जुन्या व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीतला रेडिओ होता. ठरल्या वेळी ते मधल्या खोलीचे दार लावीत, रेडिओवर गोधडी टाकीत, आणि गोधडीत डोके घालून ऐकत. आत्या तेव्हा अकरा-बारा वर्षांची. तिचे काम दारात बसून वाटेवर नजर ठेवण्याचे. “ल्हवू, ल्हवू,” एवढे दोनच शब्द आजोबांच्या तोंडून त्या वेळी निघत. आवाज हळू कर. गोधडीत दुसरेही एक डोके असे. गावातलाच एक तरुण, विशीतला, रोज येई. तो ऐके तसे मनात ठेवी, घरी जाऊन कागदावर उतरवी, आणि ते कागद पहाटे देवळाच्या अग्रशाळेत, तळीच्या पायऱ्यांवर, बाजारात सापडत. आजोबांना हे ठाऊक होते. ते त्याला कधी मना करीत नसत. आणि कधी एखादा कागद लिहूनही देत नसत.

एके दिवशी तो सापडला. कागदावरच्या बातम्या कोठे ऐकल्या, असे त्याला विचारण्यात आले. कसे विचारण्यात आले ते येथे सांगण्याचे कारण नाही. त्याने घर सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा नेहमीप्रमाणे कचेरीत गेले. चार दिवसांनी त्या तरुणाची आई आली. आजोबांना भाषा येते, साहेबलोक ओळखतात, तेव्हा त्यांनी एक अर्ज लिहून द्यावा, असे तिचे म्हणणे. आजोबांनी तिला बसवले, पाणी दिले, सर्व हकीगत ऐकून घेतली. अर्ज लिहिला नाही. मात्र त्या महिन्यापासून तिच्या घरी दर महिन्याला तांदूळ जाऊ लागले, काळोख पडल्यावर, आत्याच्या डोक्यावरून. रेडिओ त्यांनी त्याच महिन्यात विकून टाकला. तो तरुण तुरुंगातून सुटून आला, पुढे मुक्ती झाली, आणि दर चतुर्थीला तो आमच्या घरी येत असे. आत्या म्हणते, दोघे सोप्यावर बसत, पावसाविषयी बोलत, करंज्या खात, आणि तो उठून जाई. आजोबांनी एकदाच, आणि तेही आजारपणात, तो विषय काढला. “आम्ही फक्त ऐकत होतो,” असे ते म्हणाले. ही कबुली होती की बचाव, हे आत्याला अजून ठरवता आलेले नाही. आणि ज्याचा व्यवसायच कबुली व बचाव वेगळे करण्याचा, त्या तिच्या भाच्यालाही नाही.

बचाव म्हणून तो कितपत टिकतो ते पाहू. कायदा कृत्य आणि अकृत्य यांत भेद करतो, आणि नुसते ऐकणे हे त्याच्या लेखी सामान्यतः कृत्य नव्हे. पुराव्याच्या कायद्यात तर ऐकणाऱ्याला मोठा मान आहे. १८७२ च्या कायद्याचे कलम ६० असे सांगत असे की, ऐकलेल्या गोष्टीची साक्ष ज्याने स्वतः ऐकले त्यानेच दिली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला, तरी तत्त्व तेच. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ऐकणारा हा साक्षीदार. आणि साक्षीदार गुन्हेगार नसतो. परंतु साक्षीदाराला बोलवल्यावर पिंजऱ्यात उभे राहावे लागते, हेही त्याच कायद्यात आहे.

ऐकणे हे कृत्य आहे असे ज्यांनी सर्वांत स्वच्छ ओळखले ते जुलमी राज्यकर्ते होत. १ सप्टेंबर १९३९ रोजी, पोलंडवर सैन्य घातले त्याच दिवशी, जर्मन सरकारने परकी नभोवाणी ऐकणे हा गुन्हा ठरवणारा हुकूम काढला. ऐकले तर तुरुंग. आणि ऐकलेले दुसऱ्याला सांगितले व त्याने राष्ट्राच्या प्रतिकारशक्तीला धोका पोचला असे ठरले, तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा. ह्या दोन शिक्षांमधल्या अंतराकडे वाचकांनी लक्ष द्यावे. हुकूम काढणाऱ्यांना ऐकणाऱ्याची भीती होती. पण ऐकून जो उठतो आणि शेजाऱ्याचे दार ठोठावतो त्याची भीती कितीतरी अधिक होती. आपल्याकडे १९४२ च्या ऑगस्टात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत बदलत त्यांनी तो सुमारे तीन महिने चालवला, आणि १२ नोव्हेंबरला त्या पकडल्या गेल्या. उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. जे घरोघरी ऐकत होते त्यांना काही झाले नाही, आणि काही व्हावे अशी उषाबाईंची इच्छाही नसणार. केंद्र चालवणारा ऐकणाऱ्याला ओळखत नाही; त्याची ओळख नसणे हेच तर त्याचे संरक्षण.

तेव्हा आजोबांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, ज्या राज्यात ऐकणेच धोक्याचे होते तेथे ते ऐकत होते. त्यांनी स्वतःचे मन सरकारी आवाजाच्या स्वाधीन केले नाही. दुसऱ्याही पक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे सूत्र त्यांनी गोधडीखाली पाळले. घरात लहान मुले होती, पगार एकच होता. आणि तांदूळ. ते तांदूळ आम्ही पुराव्यातून वगळू शकत नाही. विरुद्ध बाजूने इतकेच की, एक अर्ज लिहावयाचा होता, तो गोव्यातल्या त्या गावात त्यांनाच लिहिता येत होता, आणि तो लिहिला गेला नाही. अर्जाने तो तरुण सुटला असता काय? बहुधा नाही. परंतु ‘उपयोग झाला नसता’ हा बचाव आम्ही कोर्टात इतक्या वेळा ऐकला आहे, आणि इतक्या वेळा केलाही आहे, की त्यावर आमचा विश्वास उरलेला नाही.

आपण देवळाची माणसे. नवविधा भक्तीत श्रवण पहिले, हे आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. समर्थांनीही भक्तीचा विचार श्रवणापासूनच आरंभिला. पण उपनिषदांनी श्रवणामागोमाग मनन व निदिध्यास सांगितला. श्रवणाला एकट्याला कोणी सोडलेले नाही. आम्हांला ह्या प्रश्नात शास्त्रापेक्षा आपल्या देवळातली रीत अधिक उपयोगी वाटते. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात. घालणारा बोलतो, मागची मंडळी ‘व्हय महाराजा’ म्हणतात, देव ऐकतो. देव उठून काही करीत नाही. तरी ‘देवाने काही केले नाही’ असे म्हणत कोणी घरी जात नाही. आपले कोणी ऐकले, एवढ्यानेच माणसाचे निम्मे ओझे उतरते. असे असेल तर ऐकून घेणे हे काही क्षुद्र काम नव्हे, असे वाटू लागते. आणि आत्याच्या सोप्यावर बसून आम्ही आजोबांच्या बाजूने हा युक्तिवाद मोठ्या उत्साहाने मांडला.

आत्या शिकलेली नाही. पण तिने तो एका वाक्यात खोडला. “देव पाकळी तरी दिता,” ती म्हणाली. खरेच आहे. आपल्याकडे देवाला प्रसाद लावतात, मूर्तीच्या अंगावर पाकळ्या चिकटवून कौल मागतात, आणि उजवी का डावी, एक पाकळी खाली येते. कौल मनासारखा नसेल, पण असतो. पाकळी पडेपर्यंत भटजी उठत नाहीत आणि मंडळीही उठत नाहीत. ऐकले, आणि अमुक ठरवले, एवढे सांगण्याचे बंधन देवानेही आपल्यावर घेतले आहे. आजोबांनी त्या आईला होय म्हटले नाही, तसेच नाहीही म्हटले नाही. ती पाणी पिऊन उठली तेव्हा पाकळी मूर्तीच्या अंगावरच होती.

लघुलहरी ऐकणाऱ्या हौशी मंडळींतही अशीच एक रीत आहे, आणि ती आम्हांला फार सुंदर वाटते. दूरचे केंद्र ऐकले की ते लोक केंद्राला पत्र लिहितात: अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक लहरीवर तुमचा आवाज ऐकला, निवेदक काय बोलला त्याचा तपशील, आणि पाच आकड्यांचा एक अहवाल. आवाजाचा जोर किती, दुसऱ्या केंद्राची ढवळाढवळ किती, खरखर किती, चढउतार किती, आणि एकंदरीत कसे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सर्व काही निर्दोष असेल तर ५५५५५. केंद्र तो तपशील ताडून पाहते आणि खरा ठरल्यास एक चित्रकार्ड पाठवते. त्याला ‘क्यूएसएल’ म्हणतात, म्हणजे ‘पोचले’. आम्ही बुखारेस्टला असे एक पत्र लिहिले. ऐकलेल्याची पोच देण्याचे हे काम आम्ही तीन वेळा मसुदा करून, अत्यंत काळजीपूर्वक केले. लखोट्यावर तिकिटे लावताना, कोर्टातल्या त्या दिवसाची अस्वस्थता पुन्हा वर आली, आणि ह्या वेळी तिला नाव होते.

दोन वर्षांपूर्वी पेडणे महालातून एक बाई आमच्याकडे आल्या होत्या. मुंडकार. तीन पिढ्या भाटात घर; भाट विकावयाचे ठरले, आणि घर हलवा असा निरोप आला. १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली त्यांना संरक्षण होते, निदान मागण्याजोगे होते. कागद जुने, पण होते. भाटकार आमच्याच देवस्थानातले एक महाजन, पालखीच्या वेळी आमच्या शेजारी उभे राहणारे. आम्ही बाईंना बसवले. चहा मागवला. तासभर ऐकून घेतले. “बघतो” असे म्हणालो. विशेष कारण असेल तर वकिलाला खटला नाकारता येतो. परंतु आम्ही तो नाकारलाही नाही. त्यांनी तीनदा फोन केला, आम्ही दोनदा उचलला. मग फोन येईनासा झाला, आणि आम्हांला बरे वाटले. हे बरे वाटणे आम्ही लिहून ठेवतो, कारण साक्ष द्यावयाची तर ती पुरी द्यावी.

बुखारेस्ट ऐकू येते. पेडणे हा मुका टापू. आणि येथे दोष आकाशातल्या थराला देता येत नाही.

वाचकांपैकी कोणी म्हणतील की, माणसाने किती ऐकावे, कोणाकोणाचे करावे? ही पेटी रात्रभर साऱ्या जगाची दुःखे सांगते. युद्ध, पूर, उपासमार. त्या सर्वांचे उत्तर द्यावयाचे तर मनुष्य वेडा होईल. हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही त्याला बगल देऊ इच्छित नाही. सर्वांसाठी बोललेला आवाज कोणा एकाला बांधून घेत नाही. तो ऐकून आपण झोपलो तर ते पाप नव्हे. परंतु जो मनुष्य जिना चढून, आपल्या नावाची पाटी वाचून, आपल्यासमोर खुर्चीत बसून बोलतो, त्याची लहर वेगळी. त्याने आपल्यालाच निवडलेले असते. त्या तरुणाच्या आईने साऱ्या गावातून आजोबांचेच दार निवडले, कारण अर्ज त्यांनाच लिहिता येत होता. तेथे ‘आम्ही फक्त ऐकत होतो’ हे वाक्य रेडिओपुरते खरे ठरते, तिच्यापुरते ठरत नाही. तांदूळ पाठवणाऱ्या माणसाला हे कळत नव्हते असे आम्हांला वाटत नाही. कळत होते म्हणूनच ते काळोखात पाठवले असावेत, आणि म्हणूनच रेडिओ विकला असावा.

परत आल्यावर आम्ही जुनी टिपणवही काढून त्या बाईंचा क्रमांक शोधला व फोन केला. त्यांनी ओळखले. दुसरे वकील मिळाले आहेत, दावा चालू आहे, पुढल्या महिन्यात तारीख आहे, असे त्यांनी सांगितले. आम्ही क्षमा मागितली. शब्द नीट जमले नाहीत. “तुमी आयकून घेतलें, तें खूब जालें,” बाई म्हणाल्या. बोलण्यात उपहास असता तर सोपे गेले असते, नव्हता. आमच्याकडे राहिलेली त्यांच्या कागदांची एक नक्कल आम्ही त्यांच्या वकिलाकडे पोचवली. पालखीच्या वेळी आमच्या शेजारी उभे राहणाऱ्या गृहस्थांनाही आम्ही हे सांगितले. ते काही बोलले नाहीत.

त्या रविवारची एक गोष्ट सांगावयाची राहिली. तिन्हीसांजेला दिवे लागण्यापूर्वी आम्ही पोफळीला तार बांधून रेडिओ सोप्यावर आणला आणि कळ फिरवू लागलो. केंद्र लागेना, नुसती खरखर, लांबून पाऊस यावा तशी. आत्या पुढे सरकून बसली. तिला हल्ली कमी ऐकू येते. तिने कान पेटीला लावला आणि आम्हांला हाताने थांबवले. गोधडीबाहेर, दारात बसून, तिला त्या काळी शब्द कधी ऐकू आले नव्हते. एवढी खरखरच काय ती ऐकू आली होती. “हेंच,” ती म्हणाली. मग आम्ही सवयीने आवाज कमी करायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

“व्हडल्यान लाय,” ती म्हणाली.